पील करायचंय? मग या चुका टाळा

गेल्या एप्रिलमध्ये एक मुलगी स्कार्फ न सोडताच समोर बसली. लग्न सहा दिवसांवर. स्कार्फ काढला तर नाकाच्या दोन्ही कडांना आणि ओठांच्या कोपऱ्यांत काळपट पट्टे.

तिनं घरीच पील करायला, म्हणजे ॲसिडनं कातडीचा वरचा थर काढायला, ऑनलाइन 70 टक्क्यांचं ग्लायकोलिक ॲसिड मागवलं होतं. ‘उसातलं आहे मॅडम, नैसर्गिक आहे,’ म्हणाली. ग्लायकोलिक ॲसिड उसात असतं हे खरं, पण म्हणून बाटलीतलं ॲसिड उसाचा रस होत नाही. मी स्वतः पहिल्या वेळी 20 ते 30 टक्क्यांच्या वर जात नाही. नाकाच्या कडांना, ओठांच्या कोपऱ्यांना आधी व्हॅसलिन लावते, कारण तिथं ॲसिड साचतं. मग नजर घड्याळावर. दोन मिनिटं झाली की खायच्या सोड्याच्या पाण्यानं ॲसिड मारायचं. हिनं लावलं आणि नेमका मावशीचा फोन आला. दहा मिनिटं गेली.

तरीही निभावलं असतं. पण चौथ्या दिवशी पापुद्रे सुटायला लागले, ते तिनं नखानं ओढून काढले आणि भर दुपारी स्कूटीवरून नवी पेठेत ब्लाउज आणायला गेली. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला जरा इजा झाली की ती काळी पडते, त्यात सोलापूरचं 42 अंशांचं ऊन. डाग फिके व्हायला सात महिने लागले. लग्नाच्या फोटोंकडे ती अजून बघत नाही.

म्हणून पापुद्र्यांना हात लावू नका. खाज आली तर मॉइश्चरायझर लावा. सनस्क्रीन दोन बोटं भरून, दर दोन तासांनी. नुसत्या स्कार्फवर भागत नाही.

पीलच्या आधी आणि नंतर आठवडाभर थ्रेडिंग, वॅक्स, ब्लीच बंद. रेटिनॉलची क्रीमही आठवडाभर आधी थांबवा. गरोदर असाल, ओठांवर तापाचे फोड (जर) उठत असतील किंवा मुरुमांच्या गोळ्या चालू असतील, तर ते आधीच सांगा. लिंबू चोळणं म्हणजे पील नव्हे.

सॅलिसिलिक हे पीलचं दुसरं ॲसिड, ते लावल्यावर पांढरी पूड दिसते, ते औषधाचेच कण. पुसले की जातात, घाबरू नका. ग्लायकोलिकनं कातडी पांढरी पडली तर मात्र ती भाजली आहे. लगेच भरपूर गार पाण्यानं धुवा, व्हॅसलिन लावा आणि दवाखाना गाठा. हळद नको, टूथपेस्ट तर नकोच.

‘एका बैठकीत उजळवा’ म्हणणाऱ्यांना मी परत पाठवते, त्यांना राग आला तरी. चार ते सहा बैठका लागतात, दोनेक आठवड्यांच्या अंतरानं. मे महिन्यात लग्न असेल तर पहिली बैठक जानेवारीत, गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत घ्या. लग्न महिन्यावर आलं की मी नव्या चेहऱ्याला पील लावत नाही.