सूचना कळेल अशी लिहा

‘बाजाराच्या गर्दीमुळे शुक्रवारी वर्ग भरणार नाहीत, याची संबंधितांनी नोंद घ्यावी.’ म्हापशातल्या एका वर्गाची ही चिठ्ठी बौद्धिक दिव्यांग असलेल्या माझ्या भाच्याला कळली नाही. आम्ही ती अशी लिहिली: ‘शुक्रवारी वर्ग नाही. घरी राहा. शनिवारी सकाळी १० वाजता या.’ आता तो ती स्वतः वाचतो.

एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. अक्षरे निदान १४ पॉइंटची, ओळींत मोकळी जागा. डावीकडे चित्र, उजवीकडे मजकूर. आणि चित्र ओळखीचे हवे. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसने यायचे असेल तर कुठल्याही बसचे नको, त्याच बसचा आणि त्याच थांब्याचा फोटो लावा. मोठ्या माणसासाठी लिहिताना बालवाडीतली कार्टूने मात्र टाळा, तो अपमान वाटतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येतच सोपी भाषा आहे, तेव्हा पंचायतीकडे किंवा आरोग्य केंद्राकडे असा मजकूर मागायला संकोचू नका.

छापण्याआधी तो ज्याच्यासाठी आहे त्यालाच वाचायला द्या. ‘समजलं?’ असे विचारू नका, बहुतेक जण हो म्हणतात. ‘मग शुक्रवारी तू काय करशील?’ असे विचारा.