गोल्ड-फिल्ड भंगार ॲसिडच्या सेलमध्ये टाकण्याआधी शिक्का वाचा
चोर बाजारात जुन्या चष्म्याच्या फ्रेम, घड्याळाच्या केस मिळतात ना, त्यावर भिंग लावून शिक्का बघा, १/२० १२ के जीएफ (गोल्ड-फिल्ड, म्हणजे साध्या धातूवर दाबून बसवलेला सोन्याचा थर) असेल तर वजनाचा विसावा भाग १२ कॅरेटचा, म्हणजे १०० ग्रॅम मालात शुद्ध सोनं फार तर अडीच ग्रॅम, झिजलेला असेल तर अजून कमी. वन ग्रॅमवाले दागिने यात मिसळू नका, तो नुसता मुलामा. सोनं सोडवायला सल्फ्युरिक ॲसिडच्या सेलमध्ये, म्हणजे वीज सोडलेल्या ॲसिडच्या भांड्यात, माल प्लसला, शिशाची पट्टी मायनसला, सोनं सुटून काळा गाळ तळाशी बसतो, तोच खरा माल, फेकू नका. जीएफचा थर जाड, वेळ लागतो. आणि हात जोडून सांगतो, पातळ करताना ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, घरात तर हे करूच नका, सरळ झवेरी बाजारातल्या गलाईवाल्याकडे, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करणाऱ्याकडे, द्या.