परदेशात राहताना वाइनचे चांगले दुकान कसे निवडावे : कोल्हापूरकरांसाठी काही सूचना

कोल्हापुरात वाइन शॉपवर आपण काउंटरबाहेर उभे राहून ब्रँडचे नाव सांगतो आणि दुकानदार कागदात गुंडाळलेली बाटली पुढे सरकवतो. दुकान चांगले की वाईट, हा प्रश्न सहसा पडतच नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून जर्मनीला गेलेल्या अभियंत्यासमोर, अथवा शिवाजी विद्यापीठातून पदवी घेऊन इंग्लंडला गेलेल्या विद्यार्थिनीसमोर, मात्र शेकडो बाटल्या उघड्यावर मांडलेल्या असतात आणि निवड स्वतःलाच करावी लागते.

दुकान शोधायला निघण्यापूर्वी तेथील कायदा समजून घ्यावा, कारण वाइन कोठे मिळेल हे त्यावरच ठरते. जर्मनी आणि फ्रान्समध्ये ती किराणा मालाच्या सुपरमार्केटातही मिळते. स्वीडनमध्ये सिस्टमबोलागेट आणि नॉर्वेमध्ये विनमोनोपोलेट या सरकारी दुकानांकडे जावे लागते. रविवारी ती बंद असतात आणि शनिवारीही लवकर मिटतात, म्हणून पाहुणे येणार असतील तर खरेदी आधीच करून ठेवावी. सरकारी म्हणून त्यांना नाक मुरडू नये, कारण तेथील कर्मचारी प्रशिक्षित असतात आणि दुकानात नसलेली वाइनही मागवून देतात. अमेरिकेत वयोमर्यादा २१ वर्षे असली तरी बाकीचे नियम राज्यागणिक बदलतात : कॅलिफोर्नियात वाइन सुपरमार्केटात मिळते, तर न्यूयॉर्क राज्यात त्यासाठी स्वतंत्र दुकानच गाठावे लागते. आखातात जाणाऱ्यांनी अधिक जपावे; दुबईत परवानाधारक दुकाने आहेत, पण शेजारच्या शारजात आणि कुवेतमध्ये मद्यविक्रीला बंदी आहे.

दुकानात शिरल्यावर किमतीपूर्वी साठवण पाहावी. वाइनचे शत्रू दोन, उष्णता आणि उजेड. काचेतून थेट ऊन येणाऱ्या दर्शनी भागात महागड्या बाटल्या मांडलेल्या असतील, किंवा हिवाळ्यात हीटरशेजारी खोकी रचलेली असतील, तर तेथून काढता पाय घ्यावा. बुचाची बाटली दीर्घकाळ ठेवायची असल्यास ती आडवी हवी, म्हणजे बूच सुकत नाही. फिरकीचे झाकण असल्यास उभी ठेवली तरी बिघडत नाही. बूच किंचित वर आलेले किंवा मानेवर ओघळ सुकलेला दिसला, तर बाटलीला उष्णता लागली असण्याची शक्यता असते. हलक्या, स्वस्त पांढऱ्या वाइनवरचे वर्षही वाचावे. अशी वाइन एक-दोन वर्षांत प्यायची असते. तीच चार-पाच वर्षांपूर्वीची निघाली, तर त्या दुकानात माल उठत नाही असे समजावे.

खरी कसोटी मात्र दुकानदाराची असते, आणि ती घेण्यास आपले जेवण फार उपयोगी पडते. तांबडा रस्सा म्हटल्याने त्याला काहीच बोध होणार नाही. म्हणून मटण, सुक्या मिरचीचा तिखटपणा, खोबरे, तीळ आणि खसखस असे तपशिलाने सांगावे आणि खर्चाची मर्यादाही स्पष्ट सांगावी. मटण एवढाच शब्द ऐकून जो जाड, तुरट लाल वाइन काबेर्ने सोव्हिन्यों काढून देतो, त्याने मिरचीकडे लक्ष दिलेले नाही, कारण तुरटपणा आणि अधिक मद्यार्क यांमुळे तिखट जास्तच झोंबते. ‘तिखट कितपत?’ असे विचारून जो किंचित गोडसर, कमी मद्यार्काची जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातील ‘रीसलिंग काबिनेट’ ही पांढरी वाइन किंवा थंडगार रोझे (गुलाबी वाइन) सुचवतो, तो जाणकार. पांढऱ्या रश्श्याला एवढी चिकित्सा लागत नाही. सांगितलेल्या मर्यादेच्या दुप्पट किमतीची बाटली पुढे करणारा दुकानदार कितीही गोड बोलला तरी आपल्या कामाचा नव्हे.

पहिल्या खेपेला एक-दोन बाटल्याच घ्याव्यात आणि पुढच्या वेळी काय आवडले, काय नाही, हे न संकोचता सांगावे. इटलीतील एनोतेका (वाइनचे दुकान) असो वा फ्रान्समधील काव्हिस्त (वाइन विक्रेता), नेहमीच्या गिऱ्हाइकाची आवड लक्षात ठेवणे हा त्यांच्या धंद्याचाच भाग असतो. अनेक दुकानांत चव पाहण्याचे कार्यक्रमही होतात आणि शिकण्याचा त्याहून स्वस्त मार्ग नाही. भावाचा अंदाज वाइन-सर्चर या संकेतस्थळावर घेता येतो, मात्र थोड्या फरकासाठी चांगला सल्लागार सोडू नये. बाटली उघडल्यावर ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला, तर तो बुचाचा दोष असतो. अशी बाटली न संपवता पावतीसह परत न्यावी. चांगला दुकानदार ती हुज्जत न घालता बदलून देतो.

सुट्टीत घरी येताना बाटल्या आणायच्या असल्यास प्रवाशामागे २ लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काविना आणता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या निर्धास्तपणे बसतात. त्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन सामानात ठेवाव्यात आणि मे महिन्यात येत असाल तर मुंबई-पुण्याहून कोल्हापूरपर्यंतच्या प्रवासात गाडीच्या डिकीत तापत ठेवू नयेत.