तलावात बीज सोडताय? गळ टाकताय? या चुका टाळा

मृगाचा पाऊस पडला रे पडला, की खानापूर-बेळगाव पट्ट्यात एकच चौकशी सुरू होते: मासळीचं बीज कुठं मिळतंय? तलाव निम्मा रिकामा, पाणी चहासारखं गढूळ, सांडव्याला जाळीचा पत्ता नाही. पण बीज मात्र उद्याच पाहिजे, कारण शेजारच्या गावात कालच गाडी येऊन गेली. पुढच्या उन्हाळ्यात हीच माणसं बांधावर उभी राहून विचारतात, "दहा हजार सोडलेले की वो, गेले कुठं?"

बहुतेक वेळा ते सांडव्यावरून गेलेले असतात. कणकुंबी-जांबोटीकडच्या पट्ट्यात जुलैमध्ये तलाव आठवड्याभरात भरतो आणि पुढे कित्येक दिवस सांडवा वाहत राहतो. वाहत्या पाण्याकडे धावायचा रोहू-मृगळाचा स्वभावच आहे. पावसात नवं पाणी आलं की ते प्रवाह शोधतात आणि इंच-दोन इंचाचं बीज तर पाण्याबरोबर सरळ खाली ओढ्यात जातं. म्हणजे जूनमध्ये पैसे मोजून घेतलेलं बीज ऑगस्टपर्यंत खालच्या गावच्या पोरांच्या टोपलीत.

हे कळलं की माणूस दुसरी चूक करतो, आणि ती पहिलीपेक्षा महाग पडते. तो सांडव्याला नायलॉनची बारीक जाळी ताणून बांधतो, आणि तीही बांधाच्या माथ्याएवढी उंच. पहिले दोन दिवस सगळं छान. तिसऱ्या रात्री पाऊस जोर धरतो, डोंगराकडून पालापाचोळा, गवत, जलपर्णी येते, जाळीला चिकटते आणि जाळीची भिंत होते. पाणी चढतं. मातीचा बांध कुठंतरी वीतभर खचलेला असतोच, बहुतेक जिथून म्हशी उतरतात तिथं. तिथून पाणी वाहायला लागतं, माती कापत जातं आणि पहाटेपर्यंत तिथं बैलगाडी जाईल एवढी खिंड पडते. मासे गेले, बांध गेला, खालच्या शेतातली लावण गेली. मग पंचनामा. हे सगळं कशासाठी, तर शंभर रुपयांची जाळी तेवढी बारीक होती.

जाळी लावायचीच तर बांबूच्या कामट्यांची लावा. दोन कामट्यांत साधारण एक सेंटीमीटर फट ठेवा. ती सांडव्याला सरळ आडवी न लावता इंग्रजी व्ही अक्षरासारखी, टोक पाण्याकडे करून लावा. त्यामुळे तिची लांबी सांडव्याच्या दीड-दोन पट होते आणि थोडी तुंबली तरी पाणी जायला वाट राहते. उंची बांधाच्या माथ्यापेक्षा निदान दीड फूट कमी ठेवा. जाळी तुंबलीच तर पाणी जाळीवरून जाऊ दे, बांधावरून नको. पाचशे मासे गेले तर जाऊ देत. आणि सकाळ-संध्याकाळ दाताळं घेऊन कचरा ओढायला माणूस पाहिजे. माणूस नसेल तर जाळीच लावू नका.

याहून सोपा उपाय म्हणजे थांबणं, पण तोच कुणाला नको असतो. पश्चिमेकडे सांडवा उतरल्यावर, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये बीज सोडा. बीज जुलैतच घ्यायचं असेल तर ते शेततळ्यात किंवा छोट्या डबक्यात वाढवा. एका गुंठ्याला साधारण दोन हजार, वर पक्ष्यांसाठी दोऱ्या ताणून. दोन-अडीच महिन्यांत ते चार इंची बोटुकली होते. अशी बोटुकली मरळीसारख्या शिकारी माशाच्या तोंडातून सुटते, इंचाचं बीज सुटत नाही. कमी पावसाच्या अथणी-रायबागकडे गणित उलटं आहे. तिकडे तलाव परतीच्या पावसानं नाहीतर कालव्याच्या पाण्यानं भरतो, म्हणून तिथं सांडव्याची नव्हे, पाण्याचीच वाट बघावी लागते. खानापूरचा पाहुणा सांगतो म्हणून अथणीत तसंच करायचं, हे चालत नाही.

बीज किती सोडायचं? इथं सगळे सप्टेंबरचा तलाव मोजतात. मोजायचा एप्रिलचा. सप्टेंबरमध्ये दहा एकरांवर पसरलेलं पाणी उसाच्या मोटरी सुरू झाल्या की एप्रिलपर्यंत तीन एकरांवर येतं आणि दहा एकरांचे मासे त्या तीन एकरांत कोंबले जातात. उन्हाळ्यात जेवढं पाणी खात्रीनं उरतं, त्याच्या एकराला दोन हजार बोटुकली पुरे. रोज खाद्य घालणार असाल तर तीन हजार. कटला चार हिस्से, रोहू तीन, मृगळ तीन. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाला, म्हणजे कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही. "जास्त टाकले तर जास्त निघतील" हा हिशोब भुईमुगाला लागू नाही, तसा माशालाही नाही. जास्त टाकले तर सगळे पावशेराचे निघतात.

बीजाची पिशवी आणली आणि फोडून ओतली, असं करू नका. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग तोंड उघडून ओंजळ-ओंजळ तलावाचं पाणी आत घाला आणि पिशवी आडवी करून मासे आपणहून बाहेर जाऊ द्या. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची. भर दुपारी टेम्पोतून उतरवलेलं बीज सोडणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

आता गणपतीच्या दिवसांतली चूक. ही दरवर्षी कुठं ना कुठं होतेच.

तीन-चार दिवस ढग, वारा पडलेला, पाणी हिरवंगार. मालक खूश, कारण हिरवं पाणी म्हणजे भरपूर खाद्य असं त्यानं ऐकलेलं असतं. मासे जोमात आहेत म्हणून तो आणखी दोन ट्रॉल्या शेण ओततो. पहाटे पाचला राखणदाराचा फोन येतो: मासे वर आलेत, तोंडं वासतायत. आठ वाजेपर्यंत मोठे कटले पांढरी पोटं वर करून काठाला लागलेले असतात. गावात लगेच कुजबुज: कुणीतरी औषध टाकलं. शेजाऱ्यावर संशय, कधी पोलीस ठाण्यापर्यंत प्रकरण जातं. औषध कुणी टाकलेलं नसतं. हिरवं शेवाळ दिवसा प्राणवायू देतं आणि रात्री तोच घेतं. ढगाळ दिवसांत ते देतं कमी, घेतं तेवढंच, आणि वर कुजणारं शेणही प्राणवायू खातं. सर्वांत कमी प्राणवायू उजाडण्याच्या जरा आधी असतो. मासा मरतो तो तेव्हा.

विष की प्राणवायू, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पहाटे मेले, मोठे आधी मेले, कटला सगळ्यांत आधी गेला, आणि मरळ मात्र मजेत आहे, तर प्राणवायूच. मरळ हवेतून श्वास घेते, तिला फिकीर नसते. पण भरदुपारी मेले, बारके आधी गेले आणि मरळही उलटी झाली, तर वरच्या शेतातली फवारणी तपासा. तेव्हा बाटलीत पाणी भरून ठेवा, आरडाओरडा नंतर.

पहाटे मासे वर आलेले दिसले की पहिलं काम खाद्य आणि शेण बंद. मग मोटर लावा आणि पाइपचं तोंड पाण्याच्या वर चार-पाच फूट धरून पाणी फवाऱ्यासारखं पाडा. बोअरचं किंवा विहिरीचं पाणी सोडत असाल तर ते पत्र्यावर नाहीतर दगडांवर आपटून सोडा. जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी असतो, ते सरळ आत सोडून उपयोग नाही. लाल पोटॅश (पोटॅशियम परमँगनेट) टाकायला धावू नका. त्यानं पाण्यात प्राणवायू वाढत नाही, प्रमाण चुकलं तर कल्ले मात्र भाजतात. आणि ही वेळच येऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा, दुपारी, हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून बघा. तळहात अंधुक दिसला तर ठीक. हात मनगटापलीकडे दिसेनासा झाला तर पाणी स्वच्छ दिसेपर्यंत शेणाची पाटीही टाकायची नाही. शेण एकदम ओतायचंच नसतं. बीजाआधी पंधरा दिवस एकराला टनभर, पुढे महिन्याला थोडं थोडं, काठाला ढीग करून. ट्रॉली एकदम रिकामी करणं हे खत घालणं नव्हे, उकिरडा करणं आहे.

चुन्याचंही तसंच. खानापूरच्या तांबड्या-जांभ्या मातीत पाणी आंबट असतं, तिथं एकराला ऐंशी ते शंभर किलो चुना उपकारक आहे. चिकोडी-अथणीच्या काळ्या मातीत सामू (पीएच) आधीच साडेसातच्या वर असतो, तिथं चुना कशाला? सामू मोजायची पट्टी काही रुपयांना मिळते. शिवाय चुना टाकल्यावर दहा दिवस शेण नाही.

थाई मागूर हा परदेशी मासा कुणी "लवकर वाढतो" म्हणून आणून दिला तर घेऊ नका. २००० सालापासून देशात त्याच्या पालनावर बंदी आहे, आणि तो एकदा ओढ्यात गेला की गावरान मासा उरत नाही. चिलापी (तिलापिया) तलावात एकदा शिरली की तलाव तिचा.

खाद्य हातानं फेकू नका. शेंगपेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात, रात्रभर भिजवून, भोकं पाडलेल्या पिशवीत घालून बांबूला बांधा. दोन तासांनी पिशवीत उरलं तर उद्या कमी घाला.

तलावातल्या मासळीच्या लिलावाचा करार कन्नडमध्ये असतो. नुसतं "सही करा" म्हटलं की सही करू नका, वाचता येणाऱ्याकडून ओळ न् ओळ समजून घ्या. सिंचनाचं पाणी सोडलं, तलाव आटला, तर मासळीवाल्याला काय, ही ओळ त्यात आहे का ते आधी बघा. छोटे तलाव ग्रामपंचायतीकडे असतात, मोठे मत्स्य खात्याकडे. चुकीच्या दारात भरलेले पैसे परत मागण्यात वर्ष जातं.

गळवाल्यांना दोन शब्द. तलावाचा मक्ता दिलेला असेल तर त्यातला मासा मक्तेदाराचा, तलाव गावचा असला तरी. आधी विचारा. सुरुंग किंवा विष टाकून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, ब्लीचिंग पावडरसुद्धा त्यात आली. २०११ मध्ये जाहीर झालेल्या भीमगड अभयारण्यात परवानगीशिवाय गळ टाकायचा विचारही नको, "नुसता बसलो होतो" हे वनरक्षकाला पटत नाही.

काहींना हिमाचलच्या ट्राउटचे व्हिडिओ बघून इथं ट्राउट सोडायचा असतो. ट्राउटला साधारण १० ते १८ अंशांचं पाणी लागतं, आपल्याकडे एप्रिलमध्ये काठाचं पाणी ३० च्या आसपास जातं. विषय संपला. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. तिथं १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण ट्राउट थंडीत अंडी घालतो. आपला रोहू-कटला पावसाळ्यात अंड्यावर येतो. म्हणून जून ते ऑगस्ट नदी-ओढ्यात पोट फुगलेली मादी लागली तर सोडून द्या. तिकडची तारीख इकडे चिकटवून हिवाळ्यात गळ बंद ठेवणारेही भेटतात, त्यांना कोपरापासून नमस्कार.

सोडताना हात ओले करा. कोरड्या हातानं किंवा फडक्यानं धरलं की अंगावरचा चिकट थर निघतो आणि आठवड्यात त्या जागी पांढरी बुरशी धरते. कल्ल्यात बोट घालून फोटो काढायचा नाही. मासा पाण्यात सरळ धरून ठेवा, तो स्वतः शेपूट मारून निघेपर्यंत. एप्रिलच्या दुपारी पंधरा मिनिटं झुंजवलेला तीन किलोचा कटला सोडला तरी संध्याकाळी तरंगतो. त्या दिवसांत सकाळी नऊनंतर काठी गुंडाळून घरी जा.