सिस्टिन्युरिया: आनुवंशिक मुतखड्यासोबत राहताना या चुका टाळा

मुतखडा हा नाशिकमध्ये इतका ओळखीचा आजार आहे की कोणाला तो झाल्याचे कळताच कुळथाचे कढण, पानफुटीची पाने आणि टोमॅटो-वांगी बंद करण्याचे सल्ले घरी चालत येतात. सोळाव्या वर्षी पहिला खडा झाला तेव्हा मलाही हेच सल्ले मिळाले आणि पुढची नऊ वर्षे मी त्यांवरच काढली, कारण माझा खडा कशाचा आहे हे कोणी तपासलेच नव्हते. तो सिस्टीनचा होता. सिस्टिन्युरिया या जन्मजात दोषात मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांना सिस्टीन, ऑर्निथीन, लायसीन आणि आर्जिनीन ही चार अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) लघवीतून परत रक्तात ओढून घेता येत नाहीत. यांपैकी तीन लघवीत सहज विरघळतात; सिस्टीन मात्र फारसे विरघळत नाही, त्याचे षटकोनी स्फटिक होतात आणि त्यांतून खडा वाढतो. दोष जनुकातच असल्यामुळे खडा पडला किंवा शस्त्रक्रियेने काढला, तरी आजार तिथेच राहतो. म्हणून पुढे लिहिलेल्या बहुतेक चुका खडा दुखत असतानाच्या नाहीत, तर काहीही दुखत नसताना होणाऱ्या आहेत.

पडलेला खडा फेकून देणे

माझे पहिले दोन खडे संडासात वाहून गेले आणि तिसरा शस्त्रक्रियेनंतर कोणी जपून ठेवला नाही. प्रौढांच्या मुतखड्यांत सिस्टीनचे खडे साधारण शंभरात एक-दोनच असतात, त्यामुळे डॉक्टरांच्या मनात आधी कॅल्शियम ऑक्सलेटचा, म्हणजे नेहमी आढळणाऱ्या खड्याचा, विचार येणे स्वाभाविक आहे. परंतु लहान वयात खडा झाला, तो पुन्हा पुन्हा होऊ लागला किंवा भावंडांपैकी आणखी कोणाला झाला, तर खड्याचे पृथक्करण, म्हणजे तो कशाचा बनला आहे याची तपासणी, करून घेण्याचा आग्रह रुग्णानेच धरला पाहिजे. वेदना सुरू असताना लघवी चहाच्या जुन्या गाळणीतून गाळावी, सापडलेला कण धुऊन, कोरडा करून स्वच्छ डबीत ठेवावा आणि प्रयोगशाळेत द्यावा. खडा हाती नसेल, तर लघवीतील सिस्टीनची तपासणी करता येते: निरोगी माणसाच्या लघवीत ते दिवसाला ३० मिलिग्रॅमहून कमी असते, तर या आजारात बहुधा ४०० च्या पुढे जाते. अहवाल वाचताना नावांचा घोळ होऊ देऊ नये. सिस्टिनोसिस आणि सिस्टिक फायब्रोसिस हे पूर्णपणे निराळे आजार आहेत.

प्यालेले पाणी मोजणे, झालेली लघवी न मोजणे

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. 'मी रोज चार लिटर पाणी पितो' हे वाक्य डॉक्टरांसमोर मी कित्येक वर्षे प्रामाणिकपणे उच्चारले आणि तरीही खडे होतच राहिले. एक लिटर साधारण लघवीत सुमारे २५० मिलिग्रॅम सिस्टीन विरघळलेले राहू शकते. ज्याच्या लघवीतून दिवसाला ७५० मिलिग्रॅम सिस्टीन जाते, त्याला निदान तीन लिटर लघवी व्हावीच लागते, आणि एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा प्यालेल्या चार लिटरमधला मोठा भाग घामावाटेच निघून जातो. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात भट्टीजवळ काम करणारा, किंवा द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागेत दिवसभर उभा असणारा माणूस चार लिटर पिऊनही दीड लिटरच लघवी करत असेल. यावर उपाय साधा आहे. महिन्यातून एका रविवारी सकाळची पहिली लघवी सोडून द्यावी, त्यानंतरची सर्व लघवी दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीसकट प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये जमवावी आणि ती किती भरते ते पाहावे. तो आकडा तीन लिटरच्या खाली असेल, तर पाणी किती प्यालो याला काही अर्थ राहत नाही.

रात्रीचे तास याहून अधिक फसवे असतात. वरच्याच उदाहरणात रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत सुमारे २५० मिलिग्रॅम सिस्टीन बाहेर पडते, म्हणजे एकट्या रात्रीची लघवीही एक लिटर व्हायला हवी. दिवसा कितीही पाणी प्यालो असलो, तरी रात्रीच्या घट्ट लघवीत स्फटिक जमतातच. झोपण्यापूर्वी दोन पेले पाणी पिणे, मध्यरात्री लघवीला जाग आल्यावर पुन्हा एक पेला पिणे आणि मोडलेली झोप आजाराचा भाग म्हणून स्वीकारणे, याला माझ्या माहितीत पर्याय नाही. हृदयाचा आजार असलेल्यांनी किंवा मूत्रपिंडाचे कार्य घटलेल्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

निफाडकडे पारा पाच अंशांखाली उतरतो अशा थंडीच्या दिवसांत तहानच लागत नाही, आणि त्या महिन्यांत मला दोनदा खडा झाला आहे. निर्जळी उपवास या आजारात धरू नये; घरातील वडीलधाऱ्यांना हे एकदा शांतपणे समजावून सांगितले, तर पाणी पिऊन केलेला उपवास त्यांनाही मान्य होतो, असा माझा अनुभव आहे. स्त्रियांची अडचण याहून मोठी आहे. बाहेर स्वच्छ स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून सप्तशृंगी गडावर जाताना, निवृत्तिनाथांच्या पालखीसोबत त्र्यंबकेश्वरहून पंढरीची वाट चालताना किंवा रोजच्या बसप्रवासातही त्या तासन्तास पाणी टाळतात. ही चूक त्यांची नाही, पण तिची किंमत त्यांच्याच मूत्रपिंडाला मोजावी लागते. म्हणून निघण्यापूर्वी वाटेतील स्वच्छतागृहे हेरून ठेवणे हा उपचाराचाच भाग समजावा.

खायचा सोडा आणि चुकीचे सिरप

लघवीचा पीएच (आम्लता मोजणारा आकडा; तो जितका कमी, तितकी लघवी आम्ल) सातच्या वर गेला की सिस्टीन अधिक विरघळू लागते आणि आठच्या आसपास त्याची विद्राव्यता जवळजवळ दुप्पट होते. हे कळल्यावर अनेक जण खायचा सोडा घेऊ लागतात. सोड्यात सोडियम असते आणि सोडियम वाढले की लघवीतून जाणारे सिस्टीनही वाढते. औषधाच्या दुकानात लघवीच्या जळजळीसाठी मिळणाऱ्या काही सिरपचेही तसेच आहे. बाटलीवर 'डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट' लिहिलेले असेल, तर ते सोडियमचेच औषध आहे. पीएच वाढवण्यासाठी आपल्याला सहसा पोटॅशियम सायट्रेट दिले जाते, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर तेही रक्तातील पोटॅशियम तपासूनच घ्यावे लागते. पीएचची पट्टी फक्त दुपारी पाहून समाधान मानू नये; पहाटेची लघवी बहुधा सर्वांत आम्ल असते, त्यामुळे खरा अंदाज तिच्यावरूनच येतो. पावसाळ्यात पट्ट्यांची बाटली उघडी राहिली, तर दमटपणामुळे रंग चुकीचा दिसतो. पीएच साधारण ७ ते ७.५ राखायला सांगितला जातो. तो फार वर गेल्यास कॅल्शियम फॉस्फेटचे खडे होण्याचा धोका असतो, म्हणून डोस स्वतःहून वाढवू नये.

दुसऱ्याच्या खड्याचे पथ्य पाळणे

पालक, टोमॅटो आणि वांगी सोडल्याने ऑक्सलेटच्या खड्यांना कदाचित फायदा होईल. सिस्टीनच्या खड्यांशी त्या पथ्याचा संबंध नाही. दूधही बंद करण्याचे कारण नाही. आपले खरे पथ्य मिठाचे आहे, आणि नाशिककराला तेच जड जाते. रविवारची मिसळ, तिच्यावरचे फरसाण, सोबतचा पापड आणि घरचे लोणचे मिळून दिवसाचे पाच ग्रॅम मीठ एका बैठकीत सहज ओलांडले जाते. मी मिसळ सोडलेली नाही, पण ती महिन्यातून एकदा खातो आणि त्या दिवशी उरलेले जेवण अळणी ठेवतो. लिंबू सरबत चांगले, मात्र त्यात मीठ नको. मांस, मासे आणि अंडी यांतील मेथिओनीन या अमिनो आम्लापासून शरीरात सिस्टीन तयार होते, म्हणून ते बेताने खावे आणि व्यायामशाळेत मिळणारी प्रथिनांची पावडर टाळावी. वाढत्या मुलांची प्रथिने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडू नयेत.

औषध आणि शस्त्रक्रिया यांबाबतच्या चुका

पाणी आणि सायट्रेट पुरेसे पडत नाही तेव्हा टायोप्रोनिन किंवा डी-पेनिसिलामाइन दिले जाते. सिस्टीनचा रेणू दोन सारख्या भागांच्या जोडीचा असतो; ही औषधे ती जोडी फोडून अधिक विरघळणारे संयुग तयार करतात. सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून ती परस्पर बंद करणे जितके चुकीचे, तितकेच लघवीतील प्रथिने आणि रक्तपेशी यांच्या नियमित तपासण्या न करता ती घेत राहणेही चुकीचे आहे. गर्भधारणेचा विचार असल्यास आधीच डॉक्टरांशी बोलावे.

सिस्टीनचे खडे साध्या एक्स-रेत पुसट दिसतात आणि बाहेरून दिलेल्या ध्वनिलहरींनी सहसा नीट फुटत नाहीत. माझ्यावर तो प्रयोग एका रुग्णालयात दोनदा झाला आणि शेवटी दुर्बिणीतून लेसरनेच खडा काढावा लागला. म्हणून नव्या शल्यविशारदाला पहिल्याच भेटीत खड्याचा प्रकार सांगावा. लघवीची वाट मोकळी राहावी म्हणून आत घातलेला स्टेंट (बारीक नळी) काढण्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, कारण विसरलेल्या स्टेंटवरही खडे चढतात. दर कळेला दुकानातून डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आणून घेण्याची सवय मूत्रपिंडाला घातक ठरते. कळेसोबत थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर घरी थांबू नये. अडलेल्या लघवीतील जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो.

भावंडांची तपासणी राहून जाणे

हा दोष सहसा आई आणि वडील या दोघांकडून मिळून येतो, त्यामुळे एकट्या आईच्या माहेराला दोष देण्यात अर्थ नाही. रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते, आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल असलेल्या घरांत हा दोष दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याचा संभव वाढतो. माझे निदान झाल्यावर धाकट्या बहिणीची तपासणी केली. तिला कधीही कळ आली नव्हती, तरी सोनोग्राफीत तिच्या उजव्या मूत्रपिंडात खडा निघाला आणि तो मूत्रपिंडाला इजा होण्याआधी काढता आला. तेव्हापासून आम्ही दोघे दर सहा महिन्यांनी एकाच दिवशी सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे कार्य दाखवणारी रक्ततपासणी) करून घेतो, आणि तिच्या मुलाच्या लघवीचीही तपासणी करून घेतली आहे.