साखर सोडली, उन्हातही बसतो, तरी फरक का पडत नाही? या चुका टाळा

चहातली साखर सोडून चार महिने झालेले, खिडकीपाशी उन्हात बसणंही चुकत नाही, तरी वजनकाटा हलत नाही आणि रक्ततपासणीत ‘ड’ जीवनसत्त्व कमीच. मध्यंतरी ही तक्रार माझीच होती. दोन्हीकडे घोळ एकच निघाला: डोळ्यांना दिसेल तेवढीच साखर मी मोजत होतो, आणि अंगाला ऊब लागली की ऊन मिळालं असं धरून चालत होतो.

फक्त चमच्यातली साखर धरणं

एक सपाट चमचा साखर म्हणजे साधारण 4 ग्रॅम. दोन कप चहातली सोडली की 8 ग्रॅम वाचले. आता 330 मिलिलिटरचा कोलाचा कॅन घ्या. लेबलवर 100 मिलिलिटरमागे 10.6 ग्रॅमच्या आसपास साखर लिहिलेली असते. आकडा किरकोळ वाटतो, कारण तो अख्ख्या कॅनचा नसतो. पूर्ण कॅनचे होतात 35 ग्रॅम. मी एकदा वजनकाट्यावर वाटी ठेवून तेवढी साखर काढून बघितली. जवळजवळ नऊ चमचे, वाटीत चांगला ढीग झाला. इतका गोड चहा कुणी दिला असता तर पहिल्या घोटालाच कप खाली ठेवला असता. थंडपणा आणि आंबटपणा ती गोडी झाकून टाकतात.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत, जमल्यास 5 टक्क्यांच्या आत. 2000 कॅलरींच्या आहारात हे अनुक्रमे 50 आणि 25 ग्रॅम होतात. यात मध, सिरप आणि फळांचा रसही धरतात. अख्खं फळ आणि दुधातली मूळची साखर मात्र धरत नाहीत. हा फरक उगाच नाही. तीन संत्र्यांचा रस मिनिटात पिऊन होतो, तीन संत्री सोलून खायला बसलं तर दुसऱ्यालाच पोट भरतं. त्यामुळे ‘साखर बंद, आता फक्त मध आणि ज्यूस’ म्हणणाऱ्याने खरं तर काहीच बंद केलेलं नसतं.

पाकिटावरच्या यादीतही एक मेख असते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, रसाचं कॉन्सन्ट्रेट अशी तिची वाटणी केली की प्रत्येक नाव खाली सरकतं आणि वर धान्य दिसतं. म्हणून यादीपेक्षा पोषणाच्या तक्त्यातला साखरेचा आकडा बघा.

कृत्रिम गोडीबद्दल थोडक्यात: वजन कमी करायला तिच्यावर विसंबू नका, असा याच संघटनेचा 2023 चा सल्ला आहे. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी तो नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारावं.

काचेआडचं ऊन

त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं ते उन्हातल्या यूव्हीबी या अतिनील किरणांमुळे, आणि खिडकीची काच ते जवळपास सगळे अडवते. यूव्हीए हे दुसऱ्या प्रकारचे अतिनील किरण मात्र बरेचसे आत येतात. म्हणजे काचेआड बसून ऊब मिळते, त्वचा रापते, सुरकुत्यांची सोय होते आणि जीवनसत्त्व जवळपास शून्य!

वेळेचाही गोंधळ असतो. सूर्य खाली असताना यूव्हीबीला वातावरणाचा जाड थर ओलांडावा लागतो आणि ते वाटेतच गळतात. ओळखायला आपली सावली पुरते. ती आपल्यापेक्षा लांब असेल तर ‘ड’च्या दृष्टीने ऊन कमजोर, आखूड असेल तर जोरदार. मग नेमकी किती मिनिटं? सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाही. त्वचा जितकी सावळी तितका वेळ जास्त लागतो, आणि वय वाढलं की त्वचेची ही क्षमता घटते.

म्हणून कोवळं ऊन फुकट जातं असं नाही. त्याचं काम वेगळं आहे, डोळ्यांवाटे शरीराचं घड्याळ लावायचं. दिव्याच्या खोलीत प्रकाश साधारण काहीशे लक्स (प्रकाश मोजायचं एकक) असतो, ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर काही हजार. सकाळी उठल्यावर थोडा वेळ बाहेर काढला तर रात्री झोप वेळेवर यायला मदत होते. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी गोड खावंसं वाटतं, हे मी माझ्यावरच कितीदा पाहिलंय. संध्याकाळच्या बिस्किटांचा उपाय कधीकधी सकाळच्या अंगणात असतो.

जास्त म्हणजे चांगलं

त्वचा लाल होईपर्यंत थांबून काही मिळत नाही. ठरावीक पातळीनंतर त्वचा जादा तयार झालेल्या द्रव्याचं निरुपयोगी पदार्थांत रूपांतर करते. इजा मात्र साचत जाते. सूर्यकिरण कर्करोगाला कारण ठरतात, हे 1992 पासून अधिकृत वर्गीकरणात आहे. यूव्ही इंडेक्स (अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा) 3 किंवा जास्त असेल तर टोपी, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन हवंच.

गोळ्यांना ही अंगची मर्यादा नसते. ‘ड’ चरबीत साठतं, अति झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडांना त्रास होतो. प्रौढांनी स्वतःच्या मनाने रोज 4000 आययूच्या (‘ड’ची मात्रा मोजायचं एकक) वर जाऊ नये. आधी 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी ही रक्तातलं ‘ड’ मोजणारी चाचणी करून डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा, आणि तीनेक महिन्यांनी पुन्हा तपासावं. त्याआधी आकडा पुरता स्थिरावलेला नसतो.