भातलावणी ते गणपती : टीव्हीवर जुन्या सिनेमांचा महिना कसा आखावा

कोकणात घरी बसून जुने सिनेमे बघायचा हंगाम एकच, आणि तो पावसाळ्यात येतो. दिवाळी सरली की जत्रा, जत्रांमागोमाग दशावतार आणि नमन हे लोकनाट्याचे खेळ, मग शिमगा. वैशाखात लग्नं, आंब्याच्या पेट्या आणि मुंबईहून उतरलेली चाकरमानी मंडळी. जूनमध्ये पेरणी, जुलैत लावणी. शेवटच्या तुकड्यात आवा (भाताची रोपं) रोवून झाला की गणपतीच्या साफसफाईला हात लागेपर्यंत घराला जरा श्वास मिळतो. किनाऱ्यावरही तीच गत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, आणि त्यानंतरही नारळी पौर्णिमेपर्यंत कित्येक होड्या माडाच्या विणलेल्या झापांखालीच. रात्री खेळ नाही, पालखी नाही, बाहेर पाय टाकायची सोय नाही. हा महिना सिनेमाला द्यावा. श्रावणाच्या आधी अधिक महिना आला तर गणपती सप्टेंबरात जातात आणि सवड आणखी वाढते.

फक्त टीव्ही लावून जे चालू असेल ते बघायचं म्हटलं, तर महिनाभरात एकच विनोदी सिनेमा तीनदा बघून होईल आणि बाकी जाहिराती. थोडी आखणी लागते.

पहिलं काम : बारा सिनेमे ठरवा, तीस नको

रोज एक सिनेमा हा संकल्प पहिल्याच आठवड्यात मोडतो. घरात श्रावणी सोमवार असतात, कुणाचा ताप असतो, लाईट जाते. आठवड्याला तीन धरा. शनिवार आणि रविवार ठेवाच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि शनिवारी मराठी, रविवारी हिंदी सिनेमा ही सवय त्या पिढीच्या अंगात अजून आहे. तिसरा दिवस मधला कुठलाही. सुरुवात संध्याकाळी साडेसातला, जेवण आधी किंवा मध्यंतरात. दहानंतर सुरू केलेला जुना सिनेमा घरातलं एकच माणूस पुरा बघतं, बाकीचे बसल्या जागी घोरतात.

दुसरं : उलटे चाला

इतिहासाच्या क्रमाने जायचा मोह टाळा. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’, मग १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट, असं सुरू केलंत तर पोरं दुसऱ्या संध्याकाळी मोबाईल घेऊन माडीवर जातील. डोळ्यांना काळ्या-पांढऱ्या चित्राची आणि कानांना त्या बोलण्याच्या ढंगाची सवय व्हावी लागते. म्हणून आधी हसवणारे, मग ओळखीच्या मातीतले, मग जड, आणि प्रभात फिल्म कंपनीचे सगळ्यात शेवटी. तिसऱ्या आठवड्यापर्यंत घर तयार झालेलं असतं.

प्रत्येक आठवड्याला विषय द्या, तारखेला सिनेमा बांधू नका. सेट-टॉप बॉक्सच्या गाईडमध्ये पुढचे काही दिवसच दिसतात, आणि वाहिन्या जुने सिनेमे भलत्या वेळी लावतात, कधी भर दुपारी तर कधी पहाटे. दर रविवारी रात्री गाईड चाळा. सह्याद्री आणि मराठी सिनेमांच्या वाहिन्या बघा, हवा तो सापडला की रेकॉर्डिंग लावून ठेवा. रेकॉर्डिंगमध्ये आधी दहा मिनिटं आणि नंतर अर्धा तास जादा धरा, नाहीतर शेवट कापला जातो.

वाहिनीवर नाही मिळाला तर इंटरनेट. भारतात सिनेमावरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतो, त्यामुळे खूप जुन्या सिनेमांच्या एकाहून अधिक प्रती फिरत असतात, बऱ्या-वाईट सगळ्या. त्यातली सगळ्यात लांब प्रत निवडा. कुणीतरी गाणी छाटून टाकलेली प्रत बघण्यात अर्थ नाही. आणि पावसात रेंजवर विसंबू नका. रत्नागिरी-चिपळूणला कामाला जाल तेव्हा वायफायवर सिनेमा उतरवून घ्या, जिथे तशी परवानगी आहे तिथे, आणि घरी मोबाईल टीव्हीला जोडा.

तिसरं : छत्री, केबल आणि लाईट

हे काम लावणीच्या आधी झालेलं बरं, पण तेव्हा कुणाला सुचत नाही. आपल्याकडून बघितलं तर टीव्हीच्या घरगुती छत्र्या (डिश) ज्या उपग्रहांकडे रोखलेल्या असतात ते आग्नेयेला, बऱ्यापैकी उंचावर असतात. त्या दिशेला माडाची झावळ किंवा फणसाची नवी फांदी आली असेल तर आधी ती उतरवा. मेमध्ये नीट दिसणारं चित्र ऑगस्टात तुटतं ते पुष्कळदा पानांमुळे. ओलं पान सुक्यापेक्षा जास्त सिग्नल खातं.

जोराच्या सरीत चित्र चौकोन-चौकोन होऊन थांबतं, त्याला मात्र इलाज नाही. या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते आणि पावसाचे थेंब त्या शोषतात, विखुरतात. सर ओसरली की चित्र आपोआप येतं. त्या पाच-दहा मिनिटांत पत्र्यावर चढून छत्री हलवू नका. एकदा दिशा चुकली की माणूस बोलवावा लागेल, आणि तो पाऊस उघडल्याशिवाय येत नाही. पाऊस थांबूनही चित्र येत नसेल तर कनेक्टरमध्ये पाणी गेलंय असं समजा. खाऱ्या हवेने तो हिरवट पडतो. नवा बसवून घ्या, त्यावर पाणीरोधक टेप गुंडाळा, आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, बॉक्समध्ये उतरत नाही.

विजा चमकत असतील तर सिनेमा बंद. टीव्हीचा प्लग काढा, आणि छत्रीची केबलही बॉक्समधून सोडवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. लाईटचं म्हणाल, तर ३२ इंची एलईडी टीव्ही साधारण ५० वॅट घेतो, म्हणजे बॅटरी चांगली असेल तर इन्व्हर्टरवर सिनेमा निभतो. फ्रिज मात्र त्यावर ठेवू नका.

चौथं : टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरा

याकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि जुना सिनेमा इथेच बिघडतो. पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंतचे आपले सिनेमे जवळपास चौकोनी चौकटीचे, रुंदी-उंची साधारण ४:३. आपला टीव्ही १६:९. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले की कुणीतरी रिमोट घेऊन चित्र ताणतो. मग सगळी पात्रं बसकी आणि जाडी दिसतात. झूम केलं तर त्याहून वाईट. वरून डोकी आणि खालून पाय जातात, आणि ज्या सिनेमात नाच आहे त्यात पायच नसतील तर बघायचं काय? पट्टे राहू द्या.

कधी वाहिनीच चित्र ताणून दाखवते. ओळखायचं असेल तर पडद्यावरची गोल वस्तू शोधा, गाडीचं चाक, ताट, भिंतीवरचं घड्याळ. ते लांबट दिसलं तर टीव्हीचा आकार हाताने ४:३ करा, गोल पुन्हा गोल होतो.

पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ ठेवा. दुकानात भडक दिसावा म्हणून लावलेला ‘व्हिविड’ घरी कामाचा नाही. हालचाल गुळगुळीत करणारी सोय प्रत्येक कंपनीत वेगळ्या नावाने असते, बहुधा नावात ‘मोशन’ असतं. ती बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींवर काढलेला असतो, टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने भरतो आणि सगळं मालिकेसारखं दिसू लागतं. काळा-पांढरा सिनेमा हिरवट किंवा जांभळट दिसत असेल तर रंगाचा आकडा शून्यावर न्या. शार्पनेस कमी करा, नाहीतर फिल्मचे कण वाळूसारखे नाचतात.

आवाजाचं कोकणात वेगळंच दुखणं आहे. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की संवाद ऐकूच येत नाहीत. आवाज वाढवत नेला तर जुना ध्वनिपट फाटतो. त्यापेक्षा छोटा स्पीकर जोडून तो वयस्कर मंडळींच्या जवळ ठेवा. सराऊंड बंद, संवाद स्पष्ट करणारी सोय असेल तर चालू. कौलाच्या माजघरात टीव्ही असेल तर निम्मी अडचण संपली.

पाचवं : चार आठवडे

पहिला आठवडा दिग्दर्शक राजा परांजपे यांचा. ‘लाखाची गोष्ट’ (१९५२), ‘पेडगावचे शहाणे’ (१९५२), ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०). गदिमा आणि सुधीर फडके ही जोडी या सिनेमांतून ओळखीची होते. घरातल्या आजींना गाणी आधीच पाठ असतील, त्यांना म्हणू द्या, गप्प बसवू नका.

दुसरा आठवडा आपल्या मुलखाचा, आणि माझ्या मते या महिन्याचा खरा गाभा. आधी ‘श्यामची आई’ (१९५३). साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे. पुस्तक त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आचार्य अत्र्यांनी त्याचा सिनेमा केला, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रीय सुवर्णपदक त्याला मिळालं. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम. मुलांसोबत बघताना एक करा : रडायला येईल, ते आधी सांगून टाकू नका. संगीत वसंत देसाईंचं, पीतांबराचं गाणं आलं की आवाज थोडा वाढवायला हरकत नाही.

मग ‘जैत रे जैत’ (१९७७). गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकर आदिवासींची गोष्ट. स्मिता पाटील आणि मोहन आगाशे. ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत इतकं पसरलेलं आहे की कथा गाण्यांतूनच पुढे सरकते. गाणी पुढे ढकलून बघणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. हा सिनेमा पावसाळ्यातच बघावा. खिडकीबाहेर तोच डोंगर असतो.

तिसरा ‘श्वास’ (२००४). तो अभिजात म्हणायला लवकर आहे असं कुणी म्हणेल. मी घेतो. कोकणातले आजोबा नातवाच्या डोळ्यांच्या दुखण्यासाठी शहरातल्या दवाखान्यात जातात, आणि आपल्यातल्या किती घरांनी हा प्रवास केलेला आहे ते बघताना कळतं. ‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा हा दुसरा मराठी सिनेमा, म्हणूनही दोन्ही एकाच आठवड्यात शोभतात. त्या रात्री जेवण आधी उरका.

तिसरा आठवडा जड आहे. ‘पिंजरा’ (१९७२), ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ (१९७९). तिन्हींत श्रीराम लागू आणि निळू फुले आहेत. ‘सामना’त दोघांची जुगलबंदी आहे, साखरपट्ट्यातला पुढारी एका बाजूला आणि एक वाया गेलेला मास्तर दुसऱ्या बाजूला. ‘सिंहासन’ अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर बेतलेला. राजकारणात रस नसलेल्यांना सुरुवातीची वीस मिनिटं कोण कुणाचा हे कळत नाही, म्हणून घरातल्या पेपर वाचणाऱ्या माणसाला मध्ये बसवा. लहान मुलांसाठी हा आठवडा नाही.

चौथा आठवडा प्रभातचा. कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली, १९३३ मध्ये पुण्याला गेली. ‘संत तुकाराम’ (१९३६) आधी घ्या. विष्णुपंत पागनीस तुकोबांचा अभिनय करतात असं वाटतच नाही, आणि गौरीबाईंची जिजाई इतकी खरी की घरातल्या बायका तिचीच बाजू घेतात. ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचा अभंग नाही, सिनेमासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं गाणं आहे. गावातल्या भजनीबुवांना सांगून बघा, वाद होईल.

मग ‘कुंकू’ (१९३७). म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली मुलगी ते लग्न मानायला नकार देते, आणि शांता आपटे ते अशा ठसक्यात करतात की हा ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीचा सिनेमा आहे हे विसरायला होतं. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलंच : घड्याळ, पावलं, भांडी, ग्रामोफोन. हे आधी सांगून ठेवा, म्हणजे मंडळी कान देऊन बघतील. पाऊस उघडलेल्या रात्री लावा.

शेवटी ‘माणूस’ (१९३९) किंवा ‘शेजारी’ (१९४१), जो मिळेल तो. दिग्दर्शक व्ही. शांतारामबापूंनी हे हिंदीतही केले, ‘आदमी’ आणि ‘पडोसी’ नावाने, तेव्हा मराठी प्रत सापडली नाही तरी अडत नाही. ‘शेजारी’त एक हिंदू आणि एक मुसलमान म्हातारा, जिवाभावाचे मित्र, गजानन जागीरदार मिर्झा झाले आहेत, आणि हिंदीत तर हिंदू मित्राचं काम मझहर खान यांनी केलं आहे. या सिनेमांच्या प्रतींवर ओरखडे असतील, आवाजात खरखर असेल. जुन्या नायट्रेट फिल्म चटकन पेट घेतात, आणि २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत प्रभातच्या मूळ फिल्मही गेल्या. आहे ते उरलेलं आहे, खरखरीसकट बघा.

बारातले एक-दोन राहतीलच. ते गणपतीत घुसवू नका. तेव्हा आरत्या आणि भजनं असतात, टीव्हीवर मखराचं सामान ठेवलेलं असतं. गौरी-गणपतींचं विसर्जन झालं की चाकरमानी निघायच्या आधीची एखादी रात्र मोकळी मिळते. त्या रात्री घर भरलेलं असतं, म्हणून राहिलेल्यांपैकी हसवणारा लावा.